एकदाच सांगा, मला काही झालेले नाही ना?

या वेळचे पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचे आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गाव गाळले आहे, आणि पत्र थोडे संक्षिप्त केले आहे.

"मी ४१ वर्षांची असून माध्यमिक शाळेत शिकवते. घरी पती, सासूबाई आणि आठवीतला मुलगा आहे. दोन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर, वय ४३, पहाटे छातीत कळ येऊन गेले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. त्यानंतर महिनाभरातच माझ्या छातीत डाव्या बाजूला टोचू लागले. ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला; पंधरा दिवस बरे गेले. पुन्हा दुखू लागले म्हणून टूडी इको केली, तीही नॉर्मल. आठवडा बरा गेला. मग स्ट्रेस टेस्ट झाली. त्या वेळी दोनच दिवस बरे गेले, कारण तिसऱ्या दिवशी मोबाईलवर 'स्ट्रेस टेस्ट नॉर्मल असूनही अटॅक' असे वाचनात आले. गेल्या दिवाळीत फुल बॉडी चेकअप केले, त्यात दोन आकडे ठळक अक्षरांत आले आणि तेव्हापासून किडनीचीही भीती बसली. दिवसातून आठ-दहा वेळा बीपी पाहते. करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर उशाशी असतो. जिना चढायचे टाळते. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. पती म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत. शाळेतल्या एका बाईंनी समुपदेशन सुचवले, पण दुखते छातीत आणि जायचे मनाच्या डॉक्टरकडे, हे मला पटत नाही. एका रात्रीचे बीपीचे आकडे सोबत लिहिले आहेत. तुम्ही एवढी वर्षे हे काम करता, तर एकदाच स्पष्ट सांगा, मला काही झालेले नाही ना? (जाऊबाई आणि त्यांची मुले शेजारच्याच गावात राहतात. तेव्हापासून मी त्यांच्याकडे एकदाही गेलेले नाही. याचा इथे संबंध नाही, तरी लिहिले.)"

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्याचे जे उत्तर तुम्हाला हवे आहे ते मी देणार नाही, हे आधीच सांगते. यात कठोरपणा नाही. एक तर मी समुपदेशक आहे, वैद्यकीय डॉक्टर नाही, आणि पत्रावरून छाती तपासता येत नाही. पण खरे कारण दुसरे आहे. 'काही झालेले नाही' हे वाक्य तुम्ही आजवर ईसीजीकडून, इकोकडून, स्ट्रेस टेस्टकडून, दोन डॉक्टरांकडून आणि पतीकडून मिळवले आहे, आणि ते किती टिकले याचा हिशेब तुमच्याच पत्रात आहे: पंधरा दिवस, मग आठवडा, मग दोन दिवस. ज्या औषधाचा गुण दर वेळी कमी दिवस टिकतो आणि दर वेळी जास्त मात्रा लागते, ते औषध चालू ठेवावे की नाही याचा विचार करायलाच हवा. मी आज ते वाक्य लिहिले तर हा अंक तुमच्या हातात असेपर्यंत बरे वाटेल. संध्याकाळी मनात येईल की पत्र वाचून यांना काय कळणार, आपण नीट लिहिलेच नसेल. म्हणून आश्वासनाऐवजी मी तुमच्या दुखण्याचा रस्ता दाखवायचा प्रयत्न करते.

आधी एक गोष्ट निःसंदिग्धपणे. तुमच्या छातीत टोचते, आवळते, धडधडते, हे खरे आहे. 'मनाचे खेळ' या शब्दांत जो हिणवण्याचा सूर आहे, तो मला मान्य नाही. भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलिन सुटते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास भराभर आणि वरवर होऊ लागतो. असा श्वास थोडा वेळ चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून बोटांना मुंग्या येणे, ओठांभोवती बधिर वाटणे, डोके हलके होणे, छाती आवळल्यासारखी वाटणे अशी लक्षणे येतात. बरगड्यांमधले आणि खांद्याचे स्नायू दिवसभर ताठ राहिले तर संध्याकाळी ते दुखतात, जसे पहिल्या दिवशी शेतात भांगलण केल्यावर पाठ दुखते. यातले काहीही कल्पनेतले नाही. भीती हीच शरीरात घडणारी घटना आहे, आणि तिची लक्षणे दुर्दैवाने बरीचशी त्याच आजारासारखी असतात ज्याची तुम्हाला भीती वाटते.

त्यात लक्ष देण्याचा भाग आला. हे वाचता वाचता लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळून पाहा. पहिले दोन सहज जातील, तिसऱ्याला जरा जोर लागेल, चौथ्या-पाचव्याला घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटेल. घसा तोच आहे, एरवी दिवसभर आपण नकळत गिळतच असतो. फक्त लक्ष देऊन, मुद्दाम, पुन्हा पुन्हा केले म्हणून तो अडला. दोन वर्षे तुम्ही छातीच्या डाव्या बाजूशी हेच करत आहात. निरोगी माणसाच्या हृदयाचाही एखादा ठोका मधूनच चुकतो किंवा जास्तीचा पडतो, पोटातला वायू वर दाबतो, बरगडीत क्षणभर चमक येते. वर्गात फळ्यावर लिहिताना हे झाले तर तुम्हाला कळतही नाही. रात्री दिवा मालवून, हात छातीवर ठेवून वाट पाहत पडले की प्रत्येक ठोका कानात वाजतो.

तुम्ही पाठवलेले त्या रात्रीचे आकडे मी पुन्हा पुन्हा पाहिले. ९ वाजून ४० मिनिटांनी १३४/८६. तीन मिनिटांनी १४२/९०. आणखी दोन मिनिटांनी १५१/९४. मग साडेदहाला १२४/८०. मधल्या पाऊण तासात मुलाला भूमितीचे प्रमेय समजावत होते, असे तुम्हीच बाजूला बारीक अक्षरांत लिहिले आहे. हे आकडे चांगले की वाईट हे ठरवणे तुमच्या डॉक्टरांचे काम आहे आणि मी ते करणार नाही. पण यंत्राने त्या पाच मिनिटांत काय मोजले ते पाहा. पहिला आकडा थोडा वर दिसला, मन दचकले, तो दचका दुसऱ्या आकड्यात उतरला, दुसऱ्या आकड्याने आणखी घाबरवले आणि ते तिसऱ्यात उतरले. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे असे जे सांगतात ते याचसाठी. तुम्ही मोजत होता ती बहुतांशी भीतीच होती. आणि मग तुम्ही रेखाखंड आणि कोन यांच्यात शिरलात, आणि शरीर आपोआप खाली आले. आपल्याकडे म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. ती म्हण मला एरवी थोडी बोचरी वाटते, कारण ती मनालाच आरोपी करते. पण त्या तीन आकड्यांपुढे ती आठवल्यावाचून राहिली नाही.

आता त्या ठळक अक्षरांतल्या दोन आकड्यांविषयी, कारण दिवाळीच्या सवलतीत अशी पॅकेजे घेणारे पुष्कळ वाचक आहेत. प्रयोगशाळेच्या अहवालात प्रत्येक तपासणीपुढे जी 'सामान्य मर्यादा' छापलेली असते, ती पुष्कळ तपासण्यांच्या बाबतीत अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी मधली ९५ टक्के तीत बसावीत. म्हणजे १०० निरोगी माणसांतली ५ केवळ या व्याख्येमुळे मर्यादेबाहेर जातात. एक तपासणी केली तर ही शक्यता लहान आहे. पण एकमेकींवर अवलंबून नसलेल्या अशा २० तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते. ६०-७० तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एकही ठळक अक्षर न येणे हीच नवलाची गोष्ट म्हणावी लागेल. लक्षण नसताना, डॉक्टरांनी सुचवलेले नसताना, केवळ मनाच्या समाधानासाठी केलेल्या तपासण्या समाधान क्वचितच देतात, असे माझे स्पष्ट मत आहे. तो अहवाल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, त्यांनी सांगितले तेवढेच करा, आणि पुढचे पॅकेज घेऊ नका.

मोबाईलवरच्या शोधाचेही तसेच. 'छातीत डावीकडे टोचते' असे टाकल्यावर जे समोर येते त्यात आंबटढेकर आणि स्नायूचे दुखणे असतेच, पण डोळा तिथे थांबत नाही. तो सर्वांत भयंकर ओळ शोधून काढतो आणि तीच लक्षात ठेवतो. शिवाय जे घडले नाही त्याची बातमी होत नाही. स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली आणि पुढची वीस वर्षे काही झाले नाही, असे कोणी लिहीत नाही.

माझ्याकडे या त्रासासाठी येणारी माणसे बहुतेक वेळा एक पिशवी घेऊन येतात. साडीच्या दुकानाची, सोनाराची, कधी बियाण्याची. आत जाडजूड फाईल, एक्स-रेची मोठी पाकिटे आणि ईसीजीच्या पट्ट्या, ज्यांची अक्षरे वर्षा-दोन वर्षांत फिकी होतात म्हणून त्यांच्या झेरॉक्सही काढून ठेवलेल्या असतात. खुर्चीत बसल्यावर ते ती पिशवी मांडीवर घट्ट धरतात. त्या झेरॉक्स पाहिल्या की मला गलबलून येते. प्रत्येक कागदावर 'नॉर्मल' लिहिलेले असते आणि त्यातला एकही कागद त्या माणसाला झोप देऊ शकलेला नसतो. तुमचीही अशी पिशवी असणार, हे मी धरून चालते.

या त्रासाला मराठीत आरोग्यचिंता म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली; तिच्यात हा त्रास ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, या गटात ठेवला आहे. ही जागा पाहिली की पुष्कळ गोष्टी उलगडतात. हात अस्वच्छ असल्याच्या शंकेने जो माणूस पुन्हा पुन्हा हात धुतो, त्याला प्रत्येक धुण्यानंतर क्षणभर हायसे वाटते, आणि तेच हायसे वाटणे त्याला पुढच्या धुण्याकडे ओढते. तुमच्या बाबतीत साबणाच्या जागी बीपीचे मशीन आहे, ऑक्सिमीटर आहे, मोबाईल आहे, आणि 'अहो, माझा चेहरा फिका दिसतोय का' हा पतीला विचारलेला प्रश्न आहे. इंग्लंडमधले संशोधक पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ साली हे सूत्र नेमकेपणाने मांडले: पुन्हा पुन्हा मागितलेल्या आश्वासनाने आजाराची भीती शमत नाही, ती टिकून राहते. आज या त्रासावर जे समुपदेशन होते त्याचा बराच भाग याच विचारावर उभा आहे.

म्हणून 'टेन्शन घेऊ नका' या सल्ल्याचा उपयोग झाला नाही यात तुमचे काही चुकले नाही. डॉक्टरांचाही हेतू चांगलाच होता. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असताना त्यांना तेवढेच म्हणता आले. पण टेन्शन ही काही वस्तू नव्हे की देणाऱ्याने दिली तरी आपण घ्यायची नाही.

आता तुमचा मुख्य आक्षेप: दुखते छातीत, मग मनाच्या डॉक्टरकडे कशाला? समुपदेशनात पहिल्या भेटीला कोणी तुमचे दुखणे खोटे ठरवत नाही, आणि तुम्ही ठणठणीत आहात हे पटवूनही देत नाही. पटवून देण्याचे काम इतक्या जणांनी करून झाले आहे. पहिले एक-दोन तास बहुधा ऐकण्यात जातात. कधी सुरू झाले, त्या सुमारास घरात काय घडले होते, दिवसात किती वेळा मोजता, काय काय टाळता, हे विचारले जाते. एखादी प्रश्नावली भरून घेतली जाते. मग तुमच्यासमोर कागदावर एक वर्तुळ काढले जाते: छातीत चमक, 'हा अटॅकच' हा विचार, भीती, धडधड, मशीन, क्षणाचा आराम, आणि पुन्हा छातीकडे लक्ष. स्वतःच्या दोन वर्षांचा असा नकाशा समोर आला की काही जण गप्प होतात, काही रडतात.

त्यानंतर तुमच्यासमोर दोन शक्यता ठेवल्या जातात. पहिली, 'मला हृदयविकार आहे आणि तो अजून सापडलेला नाही.' दुसरी, 'मला हृदयविकाराची फार भीती आहे आणि त्या भीतीपोटी मी जे करते त्याने ती वाढते.' दोन वर्षे तुम्ही पहिली शक्यता खरी धरून सर्व उपाय केलेत. आता दोन-तीन महिने दुसरी खरी धरून वागून पाहायचे आणि काय होते ते वहीत लिहायचे, एवढेच मागणे असते. विज्ञान शिकवताना तुम्ही मुलांना हेच सांगत असाल: अनुमान मांडा, प्रयोग करा, निरीक्षण लिहा.

प्रयोग लहान असतात. आठ वेळा मोजणारीने एकदम बंद करायचे नाही. आधी चार, मग दोन, मग डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. ऑक्सिमीटर उशाशी ठेवायचा नाही, कपाटाच्या वरच्या खणात ठेवायचा. करोनाच्या काळात घराघरांतून ९४ हा आकडा पाहून माणसे श्वास रोखून बसत होती, आणि तेव्हा त्या मोजण्याला अर्थ होता. ते दिवस संपले तरी कितीतरी घरांत ते यंत्र अजून उशाशीच आहे, हे मला सतत दिसते. मोजण्याची ओढ आली की ती किती आहे याला दहापैकी गुण द्यायचे, न मोजता थांबायचे आणि वीस मिनिटांनी पुन्हा गुण द्यायचे. खाजेसारखी ही ओढ चढते आणि न खाजवता ओसरतेही, हे अंगावर अनुभवले की त्याची बरोबरी कोणत्याही समजावणीला येत नाही. मोबाईलवर शोधायचा प्रश्न वहीत लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी सात ते सव्वासात या ठरावीक वेळातच त्या काळजीकडे पाहायचे. शाळेचा जिना डॉक्टरांच्या संमतीने पुन्हा चढायचा. धाप लागेल, ठोके वाढतील, आणि वाढलेले ठोके काही न करता खाली येतात हे पाहायचे. पहिले काही आठवडे भीती किंचित वाढलेली वाटते, आणि नेमके तेव्हाच लोक सोडून देतात. तेवढे निभावून नेण्यासाठीच बरोबर एक जाणते माणूस लागते.

खोलवरचे काम मात्र खात्रीविषयी असते. तुमच्या पत्रात 'नक्की', 'शंभर टक्के', 'एकदाच स्पष्ट' असे शब्द वारंवार आले असणार असे वाटून मी मूळ पत्र पुन्हा चाळले, आणि ते अकरा वेळा आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात जी विचारपद्धती मांडली, जिला आपण विवेकनिष्ठ पद्धत म्हणतो आणि जिचे प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, तिचा रोख अशा 'हवेच' या हट्टावर असतो. 'मला निरोगी राहायचे आहे' ही रास्त इच्छा झाली. 'मला काहीही होणार नाही याची खात्री मला मिळालीच पाहिजे, नाहीतर मी जगूच शकत नाही' ही मागणी झाली, आणि ती पुरी करणे कोणत्याही यंत्राला, डॉक्टरला किंवा नवऱ्याला शक्य नाही. तुम्ही रोज रस्ता ओलांडून शाळेत जाता, गॅसवर दूध तापवता, मुलाला सहलीला पाठवता, आणि त्यातल्या कशाचीच शंभर टक्के खात्री तुमच्याकडे नसते. तरी तुम्ही ते करता, कारण तिथे तुम्ही तेवढी अनिश्चितता घेऊन जगायला शिकला आहात. फक्त छातीच्या डाव्या बाजूसाठी तुम्ही वेगळा नियम केला आहे. समुपदेशक तुमच्याशी यावर शांतपणे, वाद न घालता, पण पिच्छा न सोडता बोलत राहतो.

याचा गुण येतो का, हे तुम्ही विचारणारच. मनोविकारतज्ज्ञ पीटर टायरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये हृदयविकार, पोटाचे विकार, मज्जासंस्था, श्वसन अशा विभागांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या आणि आरोग्याची तीव्र चिंता असलेल्या ४४४ रुग्णांचा अभ्यास केला. निम्म्यांच्या आसपास रुग्णांना ५ ते १० सत्रे समुपदेशन मिळाले, आणि निकाल २०१३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. त्यातल्या काहींना खरोखरीचे शारीरिक आजारही होते. वर्षभराने समुपदेशन घेतलेल्यांची चिंता इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेली होती, आणि पुढच्या पाहणीत पाच वर्षांनीही तो फरक टिकलेला दिसला. सगळ्यांचीच भीती पूर्ण गेली असे मात्र झाले नाही, आणि तसे वचन देणाऱ्या माणसापासून जरा जपूनच राहा. आठवड्याला एक असे आठ ते बारा तास देण्याची तयारी ठेवून सुरुवात करावी, असे मी सांगेन.

जायचे कोणाकडे, हा गावाकडच्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात आणि ते औषध देऊ शकतात. झोप पार उडाली असेल, उदासी आली असेल किंवा भीती फार तीव्र असेल तर समुपदेशनाच्या जोडीला काही महिने औषधाचा चांगला उपयोग होतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते आणि ती विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. समुपदेशक ही पाटी आज कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण कोणते, आरोग्यचिंतेवर काम केले आहे का, विचार-वर्तन पद्धत (सीबीटी), म्हणजे वर सांगितले तसे विचारांवर आणि वागण्यावर काम करण्याची पद्धत, वापरता का, हे तीन प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढूनही सुरुवात करता येते. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. रात्री दोनला मशीन हातात घ्यावेसे वाटेल तेव्हा तो क्रमांकही आहे, हे लक्षात ठेवा.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. आरोग्यचिंता असलेल्या माणसालाही खरा आजार होऊ शकतो, म्हणून सगळी लक्षणे भीतीच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल. नेहमीच्या एकाच डॉक्टरांशी बसून आधीच नियम ठरवून घ्या. ओळखीचे, जुने, तपासून झालेले टोचणे असेल तर तपासणीसाठी धावायचे नाही. ते पुढच्या ठरलेल्या भेटीत सांगायचे. पण चालताना किंवा श्रमाने येणारा नवा दाब, हातात, पाठीत किंवा जबड्यात जाणारी कळ, दरदरून घाम, विश्रांतीनेही न थांबणारी धाप, चक्कर येऊन पडणे असे काही झाले तर वही-मशीन काही न पाहता १०८ला फोन करून थेट रुग्णालयात जायचे. घराण्यात लहान वयात हृदयविकाराने मृत्यू असणे ही गोष्ट डॉक्टर विचारात घेतात. दीर हे तुमच्या पतीचे सख्खे भाऊ, तेव्हा त्या दृष्टीने डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा तो खरे तर तुमच्या पतीने. हे वाचून तुम्ही त्यांच्या मागे मशीन घेऊन लागू नका. त्यांनी एकदा डॉक्टरांना भेटावे, इतकेच.

त्यांच्यासाठी दोन शब्द. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. 'मला काही झाले नाही ना' या प्रश्नाला पहिल्यांदा 'नाही गं' आणि दहाव्यांदा 'डोके खाऊ नकोस' ही दोन्ही उत्तरे तुमच्या उपयोगी पडत नाहीत. समुपदेशकाच्या सल्ल्याने दोघांनी मिळून एक वाक्य ठरवावे, उदाहरणार्थ, 'तुला आत्ता फार भीती वाटते आहे, हे मला दिसते. मी शेजारी बसतो, पण उत्तर देत नाही.' आणि खरोखर शेजारी बसावे. हे ऐकायला सोपे वाटते, पण जिच्यावर जीव आहे तिला आश्वासन न देता शेजारी बसणे किती अवघड असते, ते मी पाहिलेले आहे. सासूबाई मीठ-मोहरीने दृष्ट काढत असतील तर त्यावरून घरात वाद घालू नका; मात्र रात्री हळूच 'बघू, अंग गरम आहे का' असे विचारणे त्यांनीही थांबवावे.

आणि आता तुम्ही कंसात लिहिलेल्या त्या दोन ओळी. त्यांचा इथे संबंध नाही असे तुम्ही म्हणता, पण मला तुमच्या सबंध पत्रात सर्वांत जास्त थांबायला त्यांनीच लावले. दिरांना जाऊन दोन वर्षे झाली; त्या पहाटे काय झाले, कोण धावले, तुम्ही कुठे होता, यातले काहीच तुमच्या पत्रात नाही. तुम्ही रडलात का, हेही नाही. स्वतःच्या छातीकडे तुम्ही इतके पाहत आहात की त्या घराकडे पाहायला जागाच उरली नसावी, किंवा कदाचित तिकडे पाहता येत नाही म्हणून इकडे पाहणे चालू आहे. यातले खरे काय ते मला पत्रावरून कळणार नाही. जाऊबाईंकडे लगेच जा, असे मी म्हणत नाही. मात्र समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाल तेव्हा ती पिशवी बाजूच्या खुर्चीवर ठेवा, आणि ईसीजीच्या आधी त्यांना त्या पहाटेबद्दल सांगा.